मानवी शरीरातील जलसंतुलन व उत्सर्जन

शरीरातील पाणी व क्षार यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत राखण्याच्या क्रियेला जलसंतुलन म्हणतात, तर चयापचयातून निर्माण होणारे निरुपयोगी वा अपायकारक पदार्थ शरीराबाहेर टाकण्याच्या क्रियेला उत्सर्जन म्हणतात. मानवात ही दोन्ही कार्ये मुख्यतः मूत्रपिंडे (वृक्के) करतात. त्वचा, फुप्फुसे, यकृत व मोठे आतडे हे अवयव त्यांना साहाय्य करतात. विद्राव्य टाकाऊ पदार्थ बाहेर वाहून नेण्यासाठी पाणी लागतेच. त्यामुळे शरीर पाण्याची बचत करू शकते, परंतु पाण्याचा खर्च पूर्णपणे थांबवू शकत नाही. महाराष्ट्रातील जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा मिळून बनलेला खान्देश हा प्रदेश उष्ण व कोरड्या उन्हाळ्यासाठी ओळखला जातो. तेथे उघड्यावर कष्ट करणाऱ्यांच्या बाबतीत या मर्यादेला विशेष महत्त्व आहे.

शरीरातील पाणी

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने हे प्रमाण ५० ते ५५ टक्के असते, तर नवजात बालकात ते सुमारे ७५ टक्के असते. ७० किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारणपणे ४२ लिटर पाणी असते. त्यांपैकी सुमारे २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर पेशींबाहेर असते. पेशींबाहेरील पाण्यापैकी केवळ ३ लिटरच्या आसपास पाणी रक्तद्रवात असते. रक्ताभिसरण या अल्प साठ्यावर अवलंबून असल्यामुळे वजनाच्या मानाने थोडे वाटणारे पाणी कमी झाले, तरी त्याचे परिणाम लवकर जाणवतात.

पाण्याचा जमाखर्च

समशीतोष्ण हवेत बैठे काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा दैनंदिन जमाखर्च साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो.

जमा: पाणी व इतर पेये १,५०० मिलिलिटर, अन्नातील पाणी ७०० मिलिलिटर, अन्नाच्या ज्वलनातून पेशींत तयार होणारे चयापचयी पाणी ३०० मिलिलिटर. एकूण २,५०० मिलिलिटर.

खर्च: मूत्र १,५०० मिलिलिटर, श्वासावाटे व त्वचेतून नकळत होणारे बाष्पीभवन ७०० मिलिलिटर, मल २०० मिलिलिटर, घाम १०० मिलिलिटर. एकूण २,५०० मिलिलिटर.

या यादीतील घामाचा आकडा सर्वांत अस्थिर आहे. कडक उन्हात श्रम करताना एका तासात एक लिटरहून अधिक घाम येऊ शकतो. तेव्हा हा सारा ताळेबंद बदलतो आणि मूत्राचे प्रमाण कमी करून तूट भरून काढण्याचा प्रयत्न शरीर करते.

शरीरातील टाकाऊ पदार्थ

कर्बोदके व मेद यांच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांतून उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. प्रथिनांच्या विघटनातून मात्र नायट्रोजनयुक्त अमोनिया तयार होतो. तो अल्प प्रमाणातही, विशेषतः मेंदूला, विषारी असतो. यकृत अमोनियाचे रूपांतर तुलनेने सौम्य अशा यूरियात करते. ही क्रिया यूरिया चक्र म्हणून ओळखली जाते. हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये तिचे स्वरूप स्पष्ट केले. यूरियाखेरीज स्नायूंमधून निघणारे क्रिॲटिनीन, न्यूक्लिइक आम्लांपासून बनणारे यूरिक आम्ल, जादा क्षार, आम्ले तसेच अनेक औषधांचे अवशेष मूत्रावाटे बाहेर टाकले जातात. जुन्या तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिनपासून तयार होणारे बिलिरुबिन हे रंगद्रव्य पित्तातून आतड्यात व तेथून मलावाटे बाहेर पडते.

नायट्रोजन बाहेर टाकण्याची पद्धत प्राण्यागणिक बदलते. बहुतेक मासे अमोनिया थेट पाण्यात सोडतात. पक्षी व पालीसारखे सरपटणारे प्राणी यूरिक आम्ल जवळजवळ घनरूपात टाकतात. भिंतीवर दिसणाऱ्या पालीच्या विष्ठेच्या टोकाचा पांढरा भाग म्हणजे हेच यूरिक आम्ल होय. त्यासाठी पाणी फारच थोडे लागते. मानव व इतर सस्तन प्राणी यूरिया टाकतात. यूरिया पाण्यात विरघळलेल्या स्थितीतच बाहेर जात असल्याने त्यांना मूत्रासाठी पाणी खर्च करावेच लागते.

मूत्रपिंडांची रचना

मूत्रपिंडे उदरपोकळीच्या मागील बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस असतात. प्रत्येक मूत्रपिंड घेवड्याच्या बीच्या आकाराचे, सुमारे ११ सेंटिमीटर लांब व साधारणतः १५० ग्रॅम वजनाचे असते. त्याचे बाह्यक व मध्यांग असे दोन भाग पडतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळणी-एकके असतात. त्यांना नेफ्रॉन (वृक्काणू) म्हणतात. नेफ्रॉनच्या आरंभी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो व त्याभोवती पेल्यासारखे बोमन संपुट असते. संपुटापुढे समीपस्थ नलिका, केसाच्या आकड्यासारखा वळलेला हेन्ले पाश व दूरस्थ नलिका असे भाग येतात. अनेक नेफ्रॉनांच्या नलिका एका संग्राहक नलिकेत उघडतात. तयार झालेले मूत्र मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात साठते व मूत्रमार्गाने बाहेर पडते.

मूत्राची निर्मिती

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग, म्हणजे दर मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, मूत्रपिंडांतून वाहते. केशवाहिन्यांच्या गुच्छात रक्तदाबामुळे पाणी, क्षार, ग्लुकोज, यूरिया इत्यादी लहान रेणू गाळले जातात. रक्तपेशी व मोठी प्रथिने मागे राहतात. असा गाळलेला द्रव मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १८० लिटर असतो. शरीरातील एकूण रक्तद्रव ३ लिटर धरला, तर तो दिवसातून सुमारे साठ वेळा गाळला जातो.

या १८० लिटरपैकी ९९ टक्क्यांहून अधिक पाणी नलिकांमधून रक्तात परत शोषले जाते. समीपस्थ नलिकेत सुमारे दोन तृतीयांश पाणी व सोडियम आणि प्रकृती निरोगी असल्यास सर्व ग्लुकोज परत घेतले जाते. काही आम्ले, पोटॅशियम व औषधे यांचे रक्तातून नलिकेत उलट दिशेने स्रवणही होते. अशा रीतीने गाळण, पुनःशोषण व स्रवण या तीन पायऱ्यांनी मूत्र तयार होते. प्रत्येक टाकाऊ पदार्थ निवडून बाहेर काढण्याऐवजी मूत्रपिंड बहुतेक सर्व लहान रेणू प्रथम बाहेर घेते आणि शरीराला हवे ते परत उचलते. त्यामुळे शरीरात आलेला एखादा अनोळखी पदार्थही, तो गाळला जाण्याजोगा असल्यास, बाहेर टाकता येतो.

पाणी राखून ठेवण्याची यंत्रणा

हेन्ले पाशाची उतरती भुजा पाणी जाऊ देते. चढती भुजा पाणी अडवते, मात्र सोडियम व क्लोराइड बाहेर काढते. या दोन विरुद्ध दिशांच्या प्रवाहांमुळे मूत्रपिंडाच्या मध्यांगात बाहेरून आत जावे तसतशी क्षारांची व यूरियाची संहती वाढत जाते. रक्ताची तर्षण संहती प्रतिलिटर सुमारे २९० मिलिऑस्मोल असते, तर मध्यांगाच्या अगदी आतल्या भागात ती १,२०० पर्यंत पोहोचते. संग्राहक नलिका याच खारट भागातून खाली उतरतात. त्यांची भिंत पाण्याला वाट देणारी झाली, की तर्षणामुळे पाणी बाहेर खेचले जाऊन रक्तात परत जाते आणि मूत्र दाट होते.

ही वाट उघडण्याचे काम मूत्ररोधी संप्रेरक (व्हॅसोप्रेसिन) करते. ते मेंदूतील अधश्चेतकात तयार होते व पोष ग्रंथीच्या पश्च भागातून रक्तात सोडले जाते. रक्ताच्या संहतीत एक-दोन टक्क्यांची वाढही अधश्चेतकातील संवेदी पेशींना जाणवते. संप्रेरकाच्या प्रभावाने संग्राहक नलिकेच्या पेशींत ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांचे सूक्ष्म जलमार्ग पृष्ठभागावर येतात. पाणी भरपूर प्यायले असता संप्रेरक कमी होते, जलमार्ग माघारी जातात व फिकट, पातळ मूत्र बाहेर पडते.

अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सोडियम राखून ठेवते आणि सोडियमबरोबर पाणीही राखले जाते. रक्तदाब किंवा रक्ताचे आकारमान घटले, की मूत्रपिंडातून रेनिन स्रवते व त्यातून सुरू होणाऱ्या साखळीने अल्डोस्टेरोन वाढते. याउलट रक्ताचे आकारमान वाढल्यास हृदयाच्या अलिंदांतून स्रवणारे संप्रेरक सोडियम बाहेर टाकण्यास मदत करते.

या यंत्रणेचा दुसरा भाग म्हणजे तहान. मूत्रपिंड असलेले पाणी वाचवू शकते, गेलेले पाणी परत आणू शकत नाही. ते पिऊनच भरावे लागते. तहान तीव्रतेने जाणवण्याआधीच मूत्ररोधी संप्रेरक वाढू लागलेले असते, म्हणून तहान लागेपर्यंत मूत्र गडद होऊ लागलेले असते. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव व मूत्र दाट करण्याची क्षमता या दोन्ही गोष्टी कमी होतात. अर्भकांची मूत्र दाट करण्याची क्षमताही प्रौढांपेक्षा कमी असते.

बचतीची मर्यादा

सर्वसाधारण आहार घेणाऱ्या व्यक्तीला रोज सुमारे ६०० मिलिऑस्मोल विद्राव्य पदार्थ मूत्रावाटे टाकावे लागतात. मानवी मूत्राची कमाल संहती प्रतिलिटर सुमारे १,२०० मिलिऑस्मोल असल्यामुळे त्यासाठी दिवसाला किमान अर्धा लिटर मूत्र आवश्यक ठरते. याला अनिवार्य मूत्र म्हणतात. पाणी अजिबात न प्यायल्यासही हा खर्च चालू राहतो आणि त्यात श्वास व त्वचेतून होणाऱ्या बाष्पीभवनाची भर पडते. समुद्राचे पाणी पिऊन तहान का भागत नाही, याचेही हेच कारण आहे. त्यातील क्षार बाहेर टाकण्यासाठी प्यायलेल्या पाण्यापेक्षा अधिक पाणी खर्च होते.

वाळवंटातील काही कृंतक प्राणी मानवापेक्षा कितीतरी पट दाट मूत्र तयार करतात व केवळ चयापचयी पाण्यावर दीर्घकाळ जगू शकतात. मानवात अशी क्षमता नाही आणि ती सवयीने येत नाही. उष्ण प्रदेशात जन्मलेल्या माणसालाही किमान मूत्रासाठी तेवढेच पाणी लागते.

घाम व तापमान

त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. घामातून थोडा यूरिया व क्षार बाहेर पडत असले, तरी घामाचे प्रमुख कार्य शरीर थंड ठेवणे हे आहे. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंश सेल्सिअसपेक्षा, अधिक झाले की शरीर हवेला उष्णता देण्याऐवजी तिच्याकडून घेऊ लागते. अशा वेळी थंड होण्याचा घाम हा एकमेव प्रभावी मार्ग उरतो.

मातीच्या माठाचे उदाहरण येथे समर्पक ठरते. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते व आतील पाणी गार होते. जळगाव-धुळ्याच्या कोरड्या हवेत माठातील पाणी चांगले गार होते, मुंबईच्या दमट हवेत तितके होत नाही. पाण्यावर चालणाऱ्या कूलरचेही तसेच आहे. शरीराच्या बाबतीतही कोरडी हवा घाम पटकन वाळवते. मात्र माठ रिकामा होत चालला की तो भरावा लागतो, तसे शरीरालाही पाणी परत द्यावे लागते.

एक ते दोन आठवडे उन्हात हळूहळू काम वाढवत नेल्यास शरीर उष्णतेशी जुळवून घेते. घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि अल्डोस्टेरोनमुळे घामातील मीठ कमी होते. म्हणजे सरावाने मिठाची बचत होते, पाण्याचा खर्च मात्र वाढतो.

मोठ्या आतड्याचे कार्य

खाल्लेले-प्यायलेले पाणी आणि लाळ, जठररस, पित्त इत्यादी पाचकरस मिळून दररोज आठ ते नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातील बहुतांश लहान आतड्यात शोषला जातो. उरलेल्या दीड लिटरच्या आसपास द्रवापैकी बराचसा मोठे आतडे शोषून घेते व मलातून केवळ १०० ते २०० मिलिलिटर पाणी जाते. अतिसारात ही व्यवस्था कोलमडते आणि काही तासांत कित्येक लिटर पाणी व क्षार निघून जाऊ शकतात.

खान्देशातील उन्हाळा व जलसंतुलन

तापी व तिच्या गिरणा, पांझरा इत्यादी उपनद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत हवा अतिशय कोरडी असते. जळगाव, भुसावळ व धुळे येथे या काळात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि काही दिवशी ते ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. याच काळात केळीच्या बागांतील कापणी व घडांची वाहतूक, खरिपापूर्वीची मशागत, बागायती कापसाची लागवड, वीटभट्ट्या व बांधकामे ही श्रमाची कामे चालू असतात.

कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळत असल्याने तो किती गेला याचा अंदाज श्रमिकाला येत नाही. कपड्यांवर उमटणाऱ्या मिठाच्या पांढऱ्या रेषा ही त्याची खूण होय. समजा, ६० किलोग्रॅम वजनाच्या मजुराचा सकाळपासून दुपारपर्यंत ४ लिटर घाम गेला आणि त्याने २ लिटर पाणी प्यायले, तर २ लिटरची, म्हणजे वजनाच्या ३ टक्क्यांहून अधिक तूट राहते. २ टक्के तुटीपासूनच काम करण्याची क्षमता घटू लागते. तूट वाढत गेल्यास नाडी जलद होते, चक्कर येते, मूत्र कमी व गडद होते.

या प्रदेशातील पारंपरिक पेयांत ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत व ज्वारीची आंबील यांचा समावेश होतो. त्यांतून पाण्याबरोबर मीठही मिळते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीया) सणाला खान्देशात पाण्याने भरलेल्या घागरीची पूजा केली जाते. पहाटे लवकर काम सुरू करून टळटळीत दुपारी थांबणे व डोक्याला उपरणे बांधणे या प्रथांमुळेही शरीरावरील ताप कमी होतो.

शेतात व बांधकामावर काम करणाऱ्या स्त्रियांपुढे वेगळी अडचण असते. कामाच्या जागी शौचालय नसल्यामुळे लघवीला जावे लागू नये म्हणून अनेक स्त्रिया पाणी कमी पितात किंवा लघवी रोखून धरतात. शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ वा बंद असल्यास मुलीही तसेच करतात. मूत्र कमी व दाट राहिल्याने आणि मूत्राशय दीर्घकाळ न रिकामा केल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व मूतखडा यांचा धोका वाढतो. मूत्राचा वेग रोखू नये, असा उपदेश चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही आढळतो. कामाच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याइतकीच शौचालयाची सोयही आवश्यक असते, कारण पाणी उपलब्ध असूनही केवळ या सोयीअभावी ते प्यायले जात नाही.

बिघाड व विकार

मूतखडा: दाट मूत्रात कॅल्शियम ऑक्झॅलेट, यूरिक आम्ल इत्यादींचे स्फटिक तयार होऊन खडे बनतात. उष्ण प्रदेशांत व उन्हाळ्यात त्यांचे प्रमाण अधिक आढळते. खडे पुन्हा होऊ नयेत म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी पिण्याचा सल्ला दिला जातो.

मूत्रपिंडाची तीव्र इजा: तीव्र निर्जलीभवनात मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो व गाळणक्रिया मंदावते. वेळेवर पाणी मिळाल्यास कार्य बहुधा पूर्ववत होते; विलंब झाल्यास नलिकांच्या पेशी मरतात. अंगदुखीसाठी घेतली जाणारी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके या स्थितीत मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. म्हणून उन्हात श्रम करून घरी आल्यावर पाणी न पिता अशा गोळ्या घेणे धोक्याचे असते.

उष्माघात: शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक होऊन असंबद्ध बोलणे, झटके येणे वा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसतात. ही प्राणघातक आणीबाणी आहे. रुग्णाला सावलीत आणून कपडे सैल करणे, अंगावर पाणी टाकून वारा घालणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे व शुद्ध नसल्यास तोंडाने काहीही न पाजणे, हे प्रथमोपचार होत.

मधुमेह व उदकमेह: मधुमेहात नलिका जादा ग्लुकोज परत घेऊ शकत नाहीत. ते मूत्रात उतरते व आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. त्यामुळे वारंवार लघवी व तहान लागते. उदकमेहात मूत्ररोधी संप्रेरकाची उणीव असते किंवा मूत्रपिंड त्याला दाद देत नाही आणि दिवसाला अनेक लिटर पातळ मूत्र जाते.

जीर्ण मूत्रपिंड विकार: मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे आहेत. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत ही दोन्ही कारणे नसतानाही हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. तेथे उन्हातील श्रम व वारंवार होणारे निर्जलीभवन हे एक संभाव्य कारण मानले जाते.

जलक्षार-संजीवनी

आतड्याच्या पेशी ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषतात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. अतिसारातही हा मार्ग बहुधा शाबूत राहतो. या तत्त्वावर जलक्षार-संजीवनी (ओआरएस) आधारलेली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकी पसरली असता डॉ. दिलीप महालनाबिस यांनी या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर यशस्वी उपयोग केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. पाकीट उपलब्ध नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तात्पुरते द्रावण करता येते. मीठ यापेक्षा अधिक घालू नये.

डायलिसिस व प्रत्यारोपण

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यास यूरिया, पोटॅशियम व पाणी शरीरात साचते. अशा वेळी डायलिसिसने (अपोहन) रक्त कृत्रिमरीत्या शुद्ध केले जाते. विलेम कॉल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ साली पहिले उपयुक्त डायलिसिस यंत्र वापरले. सामान्यतः आठवड्यातून दोन ते तीन वेळा प्रत्येकी सुमारे चार तास हे उपचार घ्यावे लागतात. दोन उपचारांच्या मधल्या काळात पाणी मोजून प्यावे लागते, कारण जादा पाणी बाहेर टाकण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसतो. खान्देशासारख्या उष्ण भागात रुग्णांना हे पथ्य उन्हाळ्यात विशेष कठीण जाते. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण हा दुसरा पर्याय आहे. पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी केले. भारतात अवयवदान १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियमानुसार नियंत्रित होते.

अभ्यासाचा इतिहास

आयुर्वेदात पुरीष, मूत्र व स्वेद हे शरीराचे तीन मल मानले आहेत. युरोपात मार्चेल्लो माल्पीगी यांनी सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचे गुच्छ पाहिले. विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये संपुटाचे वर्णन केले व फ्रीड्रिख हेन्ले यांनी १८६२ मध्ये पाशाचे. पीटर ॲग्री यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ॲक्वापोरिनचा शोध लावला. त्यासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रचलित गैरसमज

घामावाटे शरीरातील विषे निघून जातात, हा समज बव्हंशी चुकीचा आहे. ते कार्य प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात. प्रत्येकाने दिवसाला ठरावीक पेले पाणी प्यावे, असाही सर्वांना लागू पडणारा नियम नाही. गरज ही हवा, श्रम, आहार व प्रकृती यांवर अवलंबून असते. निरोगी व्यक्तीसाठी फिकट पिवळे मूत्र ही सोपी खूण पुरेशी असते, मात्र काही औषधे, जीवनसत्त्वाच्या गोळ्या व बीट यांमुळेही मूत्राचा रंग बदलतो. थोड्या वेळात फार पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून जीवाला धोका होऊ शकतो. हृदयविकार वा मूत्रपिंड विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. ‘उन्हाची सवय आहे, आम्हाला पाणी कमी लागते’ हा श्रमिकांमध्ये आढळणारा समजही निराधार आहे. उन्हाची सवय झालेल्या शरीराला घाम अधिक येतो, त्यामुळे त्याला पाणीही अधिक लागते.